आवक कमी आहे, पण माल कोणता?

पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या मिस्टरांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान होतं. तब्येतीमुळे गेल्या वर्षी बंद केलं. फुलेवाडीच्या पुढची वडिलोपार्जित अर्धा एकर विकली, ते आणि मागची बचत मिळून ८० लाख बँकेत आहेत. गोव्यातल्या एका एजंटाने चोडण बेटावर मांडवीच्या अगदी काठाला ६०० चौरस मीटरचा प्लॉट दाखवलाय. ७२ लाख सांगतो. त्याचं म्हणणं असं की बेटावर पक्षी अभयारण्य आहे, सगळं संरक्षित आहे, त्यामुळे पुढे नवीन काही होणार नाही. जमीन आहे तेवढीच राहणार आणि पाच वर्षांत पैसे दुप्पट. महिनाअखेर ५ लाख इसार द्यायचाय. मिस्टरांनी तर बंगल्याचं नावही ठरवलंय. मुलगा पुण्याहून फोन करून एसआयपी म्हणतो, त्यावर हे चिडतात. मला रात्री झोप लागत नाही. मी काही बोलले की 'तुला व्यवहारातलं काय कळतं' असं ऐकून घ्यावं लागतं. मी उगाच आडवी येतेय का?

एक ताई, कोल्हापूर

उत्तर

ताई,

आडव्या येताय हे खरं. महिनाअखेरच्या आत कुणीतरी यायलाच हवं होतं, आणि घराघरांत ते काम बायकांच्याच गळ्यात पडतं. त्यामुळे ते मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या मिस्टरांना मी भोळे समजत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्याने आयुष्यभर गुळाचे सौदे केले, त्याला आवक आणि दर यांचं नातं माझ्यासारख्या कागद चाळणाऱ्या माणसापेक्षा जास्त कळतं. एजंटाने नेमकी तीच नस धरलीय. 'जमीन आहे तेवढीच, मागणी वाढतेय' असं कानावर पडलं की अडत्याच्या डोक्यात हिशेब आपोआप सुरू होतो, की आवक तुटली म्हणजे दर चढणार. तेव्हा पुढचं उत्तर मी त्यांनाच लिहितो, त्यांच्याच भाषेत. संध्याकाळच्या चहाबरोबर त्यांच्यापुढे ठेवा. वाद चालू असताना ठेवू नका.

शेठ, पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, यार्डात गूळ येत नाही. ठेवणीतला पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, असेल तर तेव्हा त्याला दर मिळतो. पण त्याच दिवशी कुणी पाणी सुटलेला, काळा पडलेला रवा सौद्यात मांडला आणि म्हणाला, 'आवक नाहीये, दर द्या', तर तुम्ही बोली लावाल का? हसाल आणि पुढच्या ढिगाकडे जाल. आवक बघायच्या आधी माल बघायचा, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

आता चोडणचा माल बघू.

चोडणवर तुटवडा आहे, त्यात एजंट खोटं बोलत नाही. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ साली झालेलं, १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळी खारफुटी. उरलेल्या बेटाचा मोठा भाग खाजन जमिनीचा. बांध घालून आणि मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीच्या, दारांनी भरतीचं पाणी अडवून गावकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी खाडीकडून सोडवून घेतलेली ही सखल शेती. मधल्या उंचवट्यावर गाव, देवळं, चर्च, जुनी घरं. म्हणजे मोकळ्या जमिनीचा तुटवडा या बेटावर मुळीच नाही. नजर जाईल तिथवर मोकळं आहे. तुटवडा आहे तो बांधता येईल अशा जागेचा, आणि त्याहून जास्त कायदेशीरपणे उभ्या असलेल्या घरांचा. मोकळी जमीन आणि बांधता येईल अशी जागा हे दोन वेगळे माल आहेत. एजंट पहिला माल दाखवून दुसऱ्याच्या दराची गोष्ट सांगतोय.

तुमच्या प्लॉटचं गणित तर पाटीवर करता येईल. ६०० चौरस मीटर म्हणजे साधारण २० मीटर रुंद, ३० मीटर खोल. पाण्याला लागून आहे म्हणता, म्हणजे काठापासून ३० मीटरवर तुमचं कुंपण संपलं. मांडवीला तिथे भरती-ओहोटी आहे, त्यामुळे ती कायद्याच्या नजरेत नुसती नदी नाही, तिला किनाऱ्याचा नियम लागतो. ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात तो हा. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा खाडीकाठी गावाच्या भागात भरतीच्या रेषेपासून १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढ्यात नवं बांधकाम करता येत नाही. मांडवीची रुंदी तुम्ही फेरीतून बघितलीय, ती १०० मीटरपेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा इथे १०० मीटरच धरायचे. म्हणजे तुमचा ३० मीटरचा प्लॉट पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत त्या १०० मीटरच्या पोटात बसतो. त्यातच समोर खारफुटी असेल तर तो आणखी वरचा, सगळ्यात कडक वर्ग. 'ती झाडं आम्ही साफ करून देऊ' असं एजंट म्हणाला असेल तर तिथेच उठा, चहाही घेऊ नका.

थोडक्यात, 'अगदी काठाला' आणि 'बंगला' हे दोन शब्द एकाच पावतीवर येऊ शकत नाहीत. ज्या संरक्षणामुळे शेजारच्याला बांधता येणार नाही म्हणून तुम्ही खूश आहात, ते संरक्षण तुमच्या कुंपणापाशी येऊन थांबत नाही. पक्ष्यांना तुमचा सात-बारा वाचता येत नाही.

मग कमावतो कोण? तो माणूस, ज्याचं घर हे नियम येण्याआधी, म्हणजे १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेच्याही आधीपासून कागदोपत्री तिथे उभं आहे. त्याला दुरुस्ती करता येते, आहे त्या जोत्यावर आणि आहे तेवढंच पुन्हा बांधता येतं. त्याच्या शेजारी नवं काही उठणार नाही, याचा पुरेपूर फायदा त्याला मिळतो. चोडणला असं घर, वारसांच्या स्वच्छ कागदांसकट कुणी विकत असेल, तर मला दाखवा. मी स्वतः बघायला येतो, आजऱ्यावरून आंबोली उतरून, तुमच्याच गाडीतून. पण तसं घर ७२ लाखांत आणि महिनाअखेरच्या घाईत मिळत नाही.

एजंटाकडे यावर उत्तर तयार असेल. तो म्हणेल, 'साहेब, नियम आता सैल होतायत.' यातही थोडं खरं आहे, म्हणून नीट ऐका. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठची रेषा १०० वरून ५० मीटरवर आणलीय, आणि किनाऱ्याजवळच्या बेटांसाठी वेगळा आराखडा केला तर २० मीटरचीही तरतूद आहे. पण ती लागू व्हायला राज्याचा नवा नकाशा मंजूर व्हावा लागतो, आणि गोव्याचा २०११ च्या नियमांचा नकाशाच मुळी २०२२ साली मंजूर झाला. अकरा वर्षं. तुमचं वय ६०च्या पुढे असेल, तेवढा हिशेब तुम्हीच करा.

समजा, उद्याच रेषा आत सरकली. मग ती फक्त तुमच्या प्लॉटपुरती सरकेल का? सगळ्या काठाची सरकेल. जे शंभर जण आज अडकलेत तेही बांधायला मोकळे होतील. म्हणजे तुमच्या मालाला दर यायचा असेल तर नियम सैल व्हावा लागतो, आणि नियम सैल झाला की यार्डात आवक सुरू. 'बेटाला पूल होणार' अशी बातमीही एजंट सांगेल, तिचंही तसंच. पूल झाला तर भाव थोडा चढेलही, पण मग बेटाचं बेटपण कशाला विकताय? तुटवडाही हवा आणि परवानगीही हवी, असं दोन्ही हाती लागायला माणूस १९९१ च्या आधी तिथे असावा लागतो. आपण त्या काळात भवानी मंडपात ऊस चघळत उभे होतो.

'सगळेच बांधतात, पंचायतीचं लायसन काढून देतो' हे वाक्य अजून आलं नसेल तर येईल. त्यासाठी केरळच्या दोन गोष्टी पाठ करून ठेवा.

पहिली बेटाचीच आहे. आलप्पुळा जिल्ह्यात वेंबनाड सरोवरात नेडियातुरुत्तु नावाचं छोटं बेट आहे. तिथे ५४ व्हिलांचं आलिशान रिसॉर्ट उभं राहिलं. बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी होती. केरळ उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते किनारा नियमांविरुद्ध ठरवून पाडायला सांगितलं, जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि २०२२ मध्ये पाडकाम सुरू झालं. त्या व्हिलांचे फोटो बघा, प्रत्येकीला स्वतःचा छोटा तलाव होता.

दुसरी कोचीजवळच्या मरडूची. खाडीकाठच्या चार गृहसंकुलांतल्या टोलेजंग इमारती, तीनशेच्या वर फ्लॅट. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी सुरुंग लावून दोन दिवसांत त्या भुईसपाट केल्या. टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलं. तिथल्या फ्लॅटवाल्यांनी काही लबाडी केली नव्हती. कर्ज काढलं, नोंदणी केली, घरपट्टी भरली, पडदे लावले. परवानगी स्थानिक पंचायतीने दिली होती, किनारा प्राधिकरणाला विचारलंच नव्हतं. न्यायालयाने अंतरिम भरपाई २५ लाख ठरवली, आणि कोट्यवधीचा फ्लॅट घेतलेल्यालाही सुरुवातीला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं.

तर पंचायतीचं लायसन म्हणजे यार्डात गाडी आत सोडल्याची पावती. त्यावरून मालाची प्रत ठरत नाही.

एजंटाच्या माहितीपत्रकात 'जगभर बेटांवर असंच होतं' असंही असेल. जगाचं एक उदाहरण मी देतो, कारण ते त्याच्या बाजूचंही आहे. अमेरिकेत फ्लोरिडाला सॅनिबेल नावाचं बेट आहे. १९६३ मध्ये पूल झाला, बिल्डर धावले, तेव्हा गावकऱ्यांनी १९७४ साली स्वतःची वेगळी नगरपालिका केली आणि १९७६ मध्ये किती घरं बांधायची याची मर्यादाच आखून घेतली. आज बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग निसर्गासाठी राखलेला आहे. तिथे घरांना सोन्याचा भाव आला, हे खरं. पण कुणाच्या? ज्यांची घरं मर्यादेच्या आत मोजली गेली होती त्यांच्या. राखीव भागातली जमीन घेऊन कुणी श्रीमंत झालं नाही. आणि २८ सप्टेंबर २०२२ ला इयन चक्रीवादळ आलं, पुलाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि सोन्याच्या भावाच्या घरांपर्यंत पोहोचायला होड्या लागल्या. पाण्याकाठची जागा मुळात कमी का असते, तर पाणी अधूनमधून ती परत मागतं.

हे मी कोल्हापूरकराला का सांगतोय? आपल्याला हे पाठ आहे. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळ्याला आपण हात जोडून उभे राहतो, कृष्णा-पंचगंगेचं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडताना बघतो, आणि घरी येऊन नदीकाठचा प्लॉट बघायला निघतो.

मीही त्यातलाच. २००४ साली मी पंचगंगेच्या बाजूला तीन गुंठे घेतले. विकणारा म्हणाला होता, 'वकीलसाहेब, गावात नदी दिसणारी जागा आता उरलीच नाही, ही शेवटची.' वकील असून मी पूररेषेचा नकाशा मागितला नाही, कारण माणूस ओळखीचा होता आणि त्या जागेवरून संध्याकाळी वारा फार छान यायचा. २००५ च्या जुलैत तिथे माझ्या डोक्यावरून पाणी होतं. मग निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द आमच्या घरात रोजचे झाले. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, तिच्या आत बांधायचं नाही. लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची, तिच्या आत अटी. माझी जागा निळीच्या आत. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोका पातळी ४३ असताना. २०२१ ला पुन्हा तेच. माझे तीन गुंठे आजही तिथेच आहेत. नदीकाठी जागा उरलेली नाही हे विकणाऱ्याचं म्हणणं अजूनही खरं आहे, आणि माझी जागा अजूनही कुणी विचारत नाही. शेजारचा माणूस तिथे वैरण करतो आणि दिवाळीला मला दोन लिटर दूध पाठवतो. माझ्या गुंतवणुकीवरचा परतावा म्हणजे ते दूध.

असो. आता गोव्याचे कागद. हे थोडं रुक्ष आहे, पण ५ लाख जाण्यापेक्षा बरं.

पहिला कागद एक-चौदाचा उतारा. गोव्यात आपल्या सात-बाऱ्याच्या जागी फॉर्म १ आणि १४ असतो. त्यात जमीन भाताची लिहिली असेल तर विषय संपला. २०२३ च्या कायद्याने गोव्यात भातशेतीची जमीन शेती न करणाऱ्याला देता येत नाही. एजंट म्हणेल, 'तुम्ही शेतकरीच आहात की, कोल्हापूरला जमीन आहे.' असेना. तरी तिथे भातच पिकवावा लागेल, आणि तुमच्या गुडघ्यांची अवस्था ताईंनी पत्रात लिहिलेली नसली तरी मी ओळखू शकतो. त्याच उताऱ्यावर कुळाचा किंवा मुंडकाराचा रकाना बघा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा माणूस. त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि तुम्ही जमीन घेतलीत तर त्याच्यासकट घेता. मालकाच्या जागी कोमुनिदाद दिसली तर ती गावसंस्थेची जमीन, कुणा एकट्याने विकायची नव्हेच.

दुसरा कागद सनद. शेतजमीन बिगरशेती केल्याचा हुकूम. 'सनद प्रोसेसमध्ये आहे' म्हणजे सनद नाही. त्याबरोबर नगरनियोजन खात्याचा झोनिंगचा दाखला मागा. प्रादेशिक आराखड्यात ही जागा वस्तीची आहे, बागायतीची आहे, की खाजन आहे, ते त्यावर कळतं. बागायतीची असेल आणि 'फार्महाऊस बांधा' म्हणाला, तर फार्महाऊसला किमान ४००० चौरस मीटर लागतात. तुमच्याकडे ६०० आहेत. 'झोन बदलून देतो' म्हणाला तर सांगा, नगरनियोजन कायद्याच्या ज्या कलम १७(२) खाली असे तुकड्या-तुकड्याने बदल चालले होते, त्याचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केलेत. एवढं बोललात तरी तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

तिसरा, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा, किनाऱ्याच्या मंजूर नकाशावर हा सर्व्हे नंबर नेमका कुठे बसतो ते. गोवा किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून लेखी. एजंटाच्या मोबाईलवरचा गुगलचा फोटो चालणार नाही, त्याला लाल वर्तुळ काढलेलं असलं तरी.

वारसांचंही बघावं लागतं. गोव्यात लग्न झालं की बहुतेक नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, त्यामुळे विकताना दोघांची सही लागते. मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची, आणि त्यांच्या नवऱ्या-बायकांचीही. त्यातला एक जण पोर्तुगालला आणि एक जण बोटीवर कामाला असला की खरेदीखत वर्षानुवर्षं लोंबकळतं. तिथल्या भाषेत 'इन्व्हेंटरी झाली का', म्हणजे वारसांची वाटणी रीतसर झाली का, एवढं विचारा. आणि एजंट एकाच जमिनीचे दहा-बारा प्लॉट पाडून विकत असेल तर गोवा रेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर विचारा.

हे सगळं तपासायला गोव्यातला वकील लागतो, कोल्हापूरचा नाही. मीही नाही. पण एक सोपी युक्ती आहे, ती माझ्याकडून घ्या. कर्जाची गरज नसली तरी या प्लॉटवर बांधकामासाठी कर्ज मागायला एखाद्या सरकारी बँकेच्या पणजीतल्या शाखेत जा. बँक स्वतःच्या वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेते आणि परवानगीयोग्य आहे का ते बघते. काही हजारांत तुम्हाला उत्तर मिळेल. बँकेने हात वर केले, तर लक्षात घ्या की उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही कर्ज मिळणार नाही. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक फक्त रोख पैसेवालं, बंगला न बांधणारं आणि प्रश्न न विचारणारं. असं गिऱ्हाईक एजंटाला सापडलंय, ते तुम्ही. तुम्हाला ते कुठे सापडणार?

कराचं दोन वाक्यांत. फुलेवाडीपुढची जमीन महापालिका हद्दीपासून हवाई अंतराने ६ किलोमीटरच्या आत असेल तर शेतजमीन असूनही तिच्यावर भांडवली नफ्याचा कर बसू शकतो, आणि तो वाचवायला घर बांधायची सवलत घ्यायची असेल तर तीन वर्षांत घर बांधून पूर्ण व्हावं लागतं. नुसता प्लॉट घेऊन भागत नाही, आणि इथे तर घर होणारच नाही, तेव्हा सीएकडे या आठवड्यात जा.

इसार मात्र आत्ता द्यायचा नाही. 'दुसरी पार्टी उद्या येतेय' हे वाक्य मी चाळीस वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की ती दुसरी पार्टी एकच असावी आणि ती सगळ्या महाराष्ट्रात फिरत असावी, अशी मला शंका आहे. अगदीच राहवत नसेल तर इसारपावतीत लिहून घ्या, की सनद, झोनिंगचा दाखला आणि किनारा प्राधिकरणाचं पत्र साठ दिवसांत दिलं नाही तर इसार पूर्ण परत. रक्कम चेकने, मालकाच्या नावाने, एजंटाच्या नव्हे. ज्याचा माल चांगला आहे तो यावर सही करतो. तुमचा एजंट किती दिवस फोन उचलतो ते बघा.

८० लाखांतले ७२ एका जागी, तेही विकता न येणाऱ्या जागी, यावर मी बोलत नाही. कितीही चांगला गूळ असला तरी भांडवलातले दहा आण्यातले नऊ आणे एकाच गुऱ्हाळावर शेठने कधी लावले असतील, असं मला वाटत नाही. मुलगा एसआयपी म्हणतो त्यावर चिडू नका एवढंच. पोरगं पुण्याला राहतं, त्याला दुसरं काय सुचणार.

आता पुन्हा ताईंना.

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या मनात राहिलं. बंगल्याचं नाव ठरवलंय. पाच वर्षांत विकून दुप्पट करायचं असेल तर नाव कुणी ठेवत नाही. आयुष्यभर यार्डात धुळीत आणि ट्रकांच्या आवाजात बसलेल्या माणसाला आता पाण्याकाठी बसायचंय, आणि हे असं सरळ सांगायची आपल्याकडच्या पुरुषांना सवय नाही, म्हणून तो गुंतवणूक म्हणतो. त्याला गुंतवणुकीने उत्तर दिलंत की भांडण होणार. तुम्ही नाव काय ठेवलंय ते विचारा आधी.

मग चोडणला किंवा शेजारच्या दिवाडीला गावातलं एखादं घर भाड्याने बघा. जून ते सप्टेंबर. पर्यटक कमी असतात, तेव्हा मालकाशी भाड्याचं बोलता येतं. ७२ लाखांचं बँकेचं व्याज काढा, भाडं त्यातून भागून वर मासळीलाही उरेल. पावसात बेट कसं असतं ते कळेल. रायबंदरची फेरी रात्री शेवटची किती वाजता सुटते, चुकली तर मये-डिचोलीकडून किती वळसा पडतो, रात्री छातीत कळ आली तर गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोहोचायला किती वेळ लागतो, हे सगळं चार महिन्यांत समजतं. एक दिवस दिवाडीहून फेरीने नार्व्याला जाऊन सप्तकोटेश्वराचं दर्शन घ्या. मूळ देऊळ दिवाडीलाच होतं, नंतर देव पलीकडे नार्व्याला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला.

आणि आषाढी अमावास्येला, उधाणाच्या भरतीच्या वेळी, एजंटाला न कळवता शेठना त्या प्लॉटवर घेऊन जा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांना बंगल्याच्या जागी उभं करा आणि एक फोटो मला पाठवा.